लॅम्प मागवण्याआधी टिकटिक ऐका

संपादक महोदय,

जुने रिअर प्रोजेक्शन टीव्ही (पडद्याच्या मागून चित्र टाकणारे संच) चालू ठेवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख उपयुक्त आहे. मात्र ‘लॅम्पचा इंडिकेटर लुकलुकला की नवा लॅम्प बसवा’ हा त्यातला सल्ला बऱ्याच जणांना खड्ड्यात घालेल. लॅम्प पेटला नाही, एवढेच इंडिकेटर सांगतो. तो का पेटला नाही, हे आपणच शोधायचे असते.

तीन पिक्चर ट्यूबच्या संचात लॅम्प नसतोच. एलईडी आणि लेसरच्या शेवटच्या पिढीतही नसतो. बाकीच्या डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) आणि एलसीडी संचांत पाऱ्याच्या वाफेचा, बहुधा १०० ते १८० वॅटचा लॅम्प असतो. त्यात फिलामेंट नसते. क्वार्ट्झच्या फुग्यात दोन इलेक्ट्रोड, मध्ये जेमतेम १ मिलिमीटरची फट. त्यामुळे मल्टिमीटर लावला तर धडधाकट लॅम्पही ‘ओपन’च, म्हणजे सर्किट तुटलेले, दाखवतो. या एका चाचणीपायी किती चांगले लॅम्प कचऱ्यात गेले असतील!

मीटरपेक्षा कान कामाला येतात. खोली शांत करून टीव्ही सुरू करावा. आधी पंखे, डीएलपी असेल तर कलर व्हीलचा, म्हणजे रंगीत फिल्टरच्या फिरत्या चकतीचा, चढत जाणारा सूर, मग बॅलास्टची, म्हणजे लॅम्पला वीज देणाऱ्या सर्किटची, बारीक टिकटिक. लॅम्प पेटवायला बॅलास्ट काही हजार व्होल्टचे झटके देतो, तोच हा आवाज. टिकटिक येते, उजेड पडत नाही आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर संच बंद होतो, तर लॅम्प गेला असण्याची शक्यता मोठी. कमजोर बॅलास्टही असाच फसवतो, म्हणून शंभर टक्के म्हणता येत नाही.

टिकटिक मुळीच नसेल तर नवा लॅम्प मागवू नये. आधी लॅम्पचे झाकण नीट बसले आहे का पाहावे. त्यामागचा छोटा स्विच दाबला गेला नाही तर लॅम्प पेटत नाही. मग थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच), पंखे, कलर व्हील. यांपैकी एकाकडूनही ‘ठीक’ असा सिग्नल आला नाही, तर मेन बोर्ड बॅलास्टला हुकूमच देत नाही. हुकूम आहे, पुरवठा आहे आणि तरी शांतता, तर दोष बॅलास्टचा. पण तिथे ३००हून अधिक व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. ती तपासणी जाणकारावर सोडावी.

लॅम्प पेटून बऱ्याच वेळाने विझत असेल तर पंख्यावरची धूळ आणि बंद झालेल्या झरोक्यांकडे बघा. चित्र हळूहळू मंद होणे, चमक थरथरणे ही लॅम्पच्या म्हातारपणाची लक्षणे. पडद्यावरचे पांढरे ठिपके मात्र डीएलपी चिपचे, लॅम्प बदलून ते जात नाहीत.

लॅम्प काढण्यापूर्वी प्लग काढून निदान तासभर थांबावे. काच दुधाळ झालेली, फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर निकाल लागला. स्वच्छ दिसली म्हणून लॅम्प चांगला, असे नाही. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर तिथे नवा लॅम्पही टिकणार नाही. नव्याच्या काचेला बोट लावू नये; लागलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, कारण तेलकट डागाजवळ काच जास्त तापते. लॅम्प आत फुटला असेल तर खिडक्या उघडाव्यात, व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, तुकडे ओल्या कागदाने टिपावेत. पाऱ्यामुळे जुना लॅम्पही घातक कचऱ्यातच द्यावा.

नवा बसवल्यावर मेनूतला तासांचा काउंटर शून्य करण्याआधी जुना आकडा लिहून ठेवावा. अस्सल लॅम्प काही हजार तास चालायला हवा. शे-दोनशे तासांतच गेला असेल तर नकली माल, अडलेला पंखा किंवा बिघडलेला बॅलास्ट यांचा छडा लागेपर्यंत दुसरा बसवू नये.

– एक टीव्ही तंत्रज्ञ