पासिंग करताना पायाखालची मॅट उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो त्याचं, शुल्क 5,000 चं 10,000 रुपये झालं, तेव्हापासून या विषयावर बरंच बोललं जातंय. कुणी म्हणतं जुने डबे भंगारात घाला, कुणी म्हणतं गरिबाने करायचं काय. माझ्याकडे वीस वर्षांकडे झुकलेला एक डबा आहे आणि दहा हजार भरायची माझी तयारी आहे. पण ते पैसे घेऊन सरकार बघणार काय, हे मला विचारायचंय.

आंजर्ल्याला माझी घरगुती खानावळ आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात घरावरची कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि पुढची दोन वर्षं हातात पैसा उभा राहिला नाही. मासळी आणायला खाडीपुलावरून हर्णैला, किराण्याला वीस-बावीस किलोमीटर दापोलीला. रिक्षाचं भाडं परवडेना, एसटीच्या वेळेला मासळीचा लिलाव थांबत नाही. म्हणून 2022 च्या गणपतीनंतर 55,000 रुपयांत एक मारुती 800 घेतली, 2007 सालची. पंचेचाळीस हजार बचत गटातून उचलले होते.

आमच्याकडे जुनी गाडी घ्यायची तर घाटावरची घ्यावी, असं सगळे सांगतात. इथे खारा वारा आणि चार महिने पाऊस. अंगणात नुसती उभी असली तरी गाडीला गंज धरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती पातेऱ्याने बुजली की दार आतून कुजायला लागतं. मडगार्डच्या आत तांबडी माती थापली जाते आणि ओल धरून बसते. घाटावर हे होत नाही, म्हणून मी मुद्दाम तिकडे गेले. गाडी पांढरीशुभ्र, नवा रंग मारलेली. एजंट म्हणाला, "ताई, गंजाचं नाव नाही. आणि पाच महिन्यांपूर्वीच पासिंग झालंय, 2027 पर्यंत बघायला नको." आरसी बुक हातात दिलं. त्यावर मे 2027 पर्यंतची मुदत मी दोनदा वाचली. सरकारने बघून शिक्का मारलाय म्हटल्यावर मी वेगळं काय बघणार होते? मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, पैसे मोजले आणि निघाले.

कुंभार्ली घाट उतरताना परतीच्या पावसाची सर आली. दोन-तीन वळणं गेली आणि क्लचवरच्या पायाची चप्पल ओली लागली. आधी वाटलं दारातून पाणी येतंय. चिपळूणला चहाला थांबले, मॅट उचलली, तर खाली पाण्याचं थारोळं. त्याखालचा नमदा, म्हणजे तळावरचा जाड मऊ थर, हाताने पिळता येईल इतका भिजलेला.

दुसऱ्या दिवशी गाडी दापोलीला पत्राकाम करणाऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवायला लागले. वर चिकटत होतं, खाली आलं की निसटून पडत होतं. नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मग पेचकसाच्या मुठीने ठोकत गेले. चांगल्या पत्र्यावर टणटण, तिथे मात्र भद्द. सीट आणि नमदा काढून पेचकस टेकवला तो सरळ आरपार गेला, आणि त्या भोकातून मला गॅरेजची जमीन दिसली. सीटबेल्टचा खालचा नट ज्या पत्र्यात बसतो तो अंगठ्याने दाबला तर दबत होता. हे मात्र मी विसरू शकत नाही. अपघात झाला असता तर बेल्ट लावूनही मी पुढे फेकली गेले असते.

चाचा म्हणाले, "ताई, रंग काढला तर गाडी उरायची नाय."

पण घाटावरच्या गाडीला इतका गंज लागला कसा? दाराच्या आतला पुठ्ठा काढला तेव्हा कळलं. काच खालीवर करायच्या यंत्राखाली बोटभर गाळ, चिकण मातीचा, आमच्याकडे नसतो तसा करडा. पुठ्ठ्याच्या मागच्या अंगाला पाण्याची तपकिरी रेघ होती, मी उभी राहिले तर गुडघ्याच्या वर येईल एवढ्या उंचीवर. ती गाडी महापुरात उभी राहिलेली होती. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, दोन्ही वेळा कृष्णा-पंचगंगेकाठी किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. 22 जुलै 2021 ला आमचं चिपळूणही वाशिष्ठीखाली गेलं. त्या गाड्या नंतर गेल्या कुठे? धुऊन, रंग मारून माझ्यासारख्यांच्या दारात आल्या.

आता दुरुस्तीचं. शेजारपाजारचे म्हणाले, परत दे नाहीतर भंगारात घाल. एजंटने फोन उचलणं बंद केलं होतं. चाचांनी मात्र इंजिन ऐकलं आणि म्हणाले, हे चांगलं आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ओम्नीलाही तेच होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत निघत होती, त्यामुळे सुटे भाग दापोलीत सहज मिळतात. टायमिंग बेल्ट आणि प्लग बदलले, तेवढ्यावर भागलं. खरं काम तळाचं होतं.

नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, मगच आग पेटवली. चाचांनी गंजावर तुकडा चिकटवला नाही. बिनगंजाचा चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने कापत गेले. एका बाजूला तर परातीएवढं भगदाड झालं. आमच्या गणपतीच्या मखराचा पुठ्ठा मी नेऊन दिला, त्यावर भगदाडाचा आकार काढला आणि त्या मापाने 20 गेज जाडीचा सीआर (थंड लाटलेला पोलादी) पत्रा कापला. तळाला मजबुतीसाठी ज्या उभ्या खाचा असतात, तशा त्यांनी नव्या पत्र्यालाही लाकडी ठोकळ्यावर ठोकून पाडल्या. सपाट पत्रा पायाखाली लपकतो, म्हणाले. मग वेल्डिंग, सांध्यांत सीलंट, रेड ऑक्साईडचे दोन हात आणि खालून काळं अंडरकोटिंग. पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली, रबराची बुचं नवी घातली. सगळं मिळून 31,000 रुपये. गाडी मला 86,000 ला पडली. यात आधीच्या मालकाने भरलेले नूतनीकरणाचे पाच हजार धरलेले नाहीत.

त्या गोष्टीला आता तीन पावसाळे होऊन गेले. मी गाडी वाळूवर उतरवत नाही, हर्णैला वरच्या रस्त्याला लावते आणि टोपल्या हाताने वर आणते. मासळी झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, क्रेटखाली परात, म्हणजे बर्फाचं पाणी तळाला लागत नाही. घरी आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने चाकांच्या वरचा भाग आतून धुते. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीखाली जळकं ऑइल फवारायची आमच्याकडे पद्धत आहे, ती मला पटत नाही. रबरी बुश फुगून जातात आणि पहिल्या पावसात ते ऑइल विहिरीच्या वाटेला लागतं.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. ज्या गाडीच्या तळातून जमीन दिसत होती, ती पाच महिने आधी पासिंगला उभी राहिली आणि पास झाली. कोणत्या कार्यालयात झाली ते इथे लिहीत नाही, कुणा एका माणसाला धरायचं माझ्या मनात नाही. चासी नंबर, दिवे, हॉर्न, पीयूसी बघून झालं असणार. खाली वाकून मात्र कुणी बघितलं नाही, मॅट उचलली नाही. गाडी कितव्या वर्षात आहे ते कागदावर दिसतं, त्यावरून शुल्क ठरतं. माणूस मरायचा की वाचायचा ते तळावर ठरतं, आणि तळ बघायला रॅम्प किंवा खड्डा लागतो. जुन्या गाडीच्या नूतनीकरणाला असा रॅम्प सक्तीचा करा. तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि सीटबेल्टचे नट तपासून तसं लेखी द्या. जी गाडी पुरात बुडून विम्यात पूर्ण नुकसान धरली गेली, तिच्या नोंदीत ते लिहा, म्हणजे विकत घेणाऱ्याला पैसे मोजायच्या आधी वाचता येईल. आणि तळ कुजला असेल तर नापास करा, गाडी दहा वर्षांची असली तरी.

दुसरी विनंती आयटीआयवाल्यांना. चाचांकडे हाताखाली कुणी पोर नाही. मुलांना आता पार्ट बदलायला शिकवतात, पत्रा कापून जोडायला कुणी शिकवत नाही. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत तरी हे काम शिकवायला हवं.

मे 2027 मध्ये माझ्या गाडीची मुदत संपते. मी दहा हजार रुपये आणि पर्यावरण कर घेऊन रांगेत उभी असेन. मॅट आणि नमदा घरीच काढून ठेवीन, म्हणजे साहेबांना तळ उघडा दिसेल.

आपली,
एक खानावळवाली,
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी