घाट उतरून सावंतवाडीलाही जा

महोदय,
पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीचा घाट गाड्यांनी तुंबतो. धबधब्याखाली भिजायचं, गरम भजी खायची आणि माघारी फिरायचं. घाट उतरून ३० किलोमीटरवर सावंतवाडी आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं.

तिथे मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे बारा, त्यांत राजा नि वजीरही. बारीक कुंचल्याची रेघ डोळ्यांदेखत उमटताना पाहिली की घासाघीस करायला जीभ रेटत नाही. विझत चाललेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जगवली. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, तीही बघण्यासारखी.

माझी विनंती साधी आहे. राजवाड्याच्या वेळा सांगणारा ठळक मराठी फलक आंबोलीत धबधब्यापाशीच लावावा. आणि शाळांनी वर्षासहलीत दोन तास या कारागिरांसाठी राखावेत. मुलांना त्यांच्याशेजारी बसून एखादा पत्ता रंगवू द्यावा.

– एक वाचक, कोल्हापूर