उसाच्या काट्यावर पथक आले, वजने आलीच नाहीत

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गाळपाआधी शेतकऱ्यांसमोर कारखान्याच्या वजनकाट्याची तपासणी होईल, असा शब्द मिळाला होता. गेल्या आठवड्यात पथक आले. उसाची एकच गाडी दोनदा तोलली, दोन्ही वेळा आकडा सारखा आला, तेवढ्यावर ‘काटा बरोबर’ लिहून पथक गेले.

साहेब, याने काहीही सिद्ध होत नाही. शंभर किलोमागे एक किलो खाणारा काटा त्याच गाडीला हजार वेळा तोच चुकीचा आकडा देईल. ही पद्धतशीर त्रुटी आहे. अकरावीच्या मुलालाही ती शिकवतात. प्रमाणित वजन ठेवल्याखेरीज ती सापडत नाही. शून्याची चूक भरगाडीतून रिकामी गाडी वजा करताना निघून जाते, तीही काटा एकच असेल तर. ही टक्क्याची चूक जात नाही. १६ टन उसात १६० किलो! क्विंटलला ३५५ रुपये धरले तरी एका खेपेत ५६८ रुपये गेले. आणि नियम काय सांगतो? दहा-दहा किलोने आकडा बदलणाऱ्या ६० टनी काट्याला २५ टनांच्या भारावर पडताळणीत १५ आणि वापरात ३० किलोच चूक माफ आहे.

तपासणी करायची तर आधी प्लॅटफॉर्मच्या फटी साफ करा. तिथे चिखल, खडी, पाचट अडकले की भार कडेच्या भिंतीवर जातो आणि वजन कमी दिसते. मग काटा शून्यावर आणून वीस-वीस किलोची प्रमाणित वजने टप्प्याटप्प्याने चढवा, उतरवतानाही आकडे नोंदवा. प्रत्येक लोडसेलवर, म्हणजे प्लॅटफॉर्मखालच्या भार मोजणाऱ्या यंत्रावर, वेगळा भार ठेवून पाहा. आकडा दहाच्या पटीत उडतो, म्हणून शेवटी एक-एक किलो वाढवत तो नेमका कुठे बदलतो ते बघा. भरगाडी खालच्या दहावर आणि रिकामी वरच्या दहावर लिहिली, तर सरासरी १० किलो खेपेमागे तिथेच जातात. हे पथकाला ठाऊक नाही, असे मी मानत नाही.

मुळात वजन कारखान्याच्या काट्यावर, उसातून किती साखर निघते तो उतारा कारखान्याच्याच प्रयोगशाळेत. एफआरपीचा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, हिशेब पैशापर्यंत होतो, पण त्याची दोन्ही मापे विकत घेणाऱ्याच्या हातात! पिढ्यान्‌पिढ्या ‘काटामारी’ हा वजनातल्या चोरीचा शब्द आमच्या तोंडी का आहे, याचे उत्तर कुठल्या सरकारने दिले?

या हंगामात वजने घेऊन पुन्हा या. कोणत्या भाराला किती चूक निघाली, तो तक्ता सहीसह काट्याच्या खिडकीवर लावा. बाहेरच्या तपासलेल्या काट्यावर तोललेली गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा दाखल करा.

आपला,
एक ऊस उत्पादक