आधी संग्रहालय, मग हॉटेल

महोदय,

शहराच्या सहलीत कलासंग्रहालय उरल्यासुरल्या वेळेत कोंबलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. तरी पहिल्याच प्रवासात एका संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभी राहिले, कारण साप्ताहिक सुट्टी पाहिलीच नव्हती. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाचं तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं, तेही ठरलेल्या वेळेचं. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आरक्षणाशिवाय प्रवेश नाही आणि आत जेमतेम दोन तास.

ते दोन तास मला पुरले. शिल्पकार बर्निनीच्या ‘अपोलो आणि डॅफ्नी’ या शिल्पाभोवती मी चार फेऱ्या मारल्या. झाड होत चाललेल्या डॅफ्नीच्या बोटांतून फुटणारी संगमरवरी पानं इतकी पातळ आहेत की कडांमधून उजेड झिरपतो! छायाचित्रात हे कधीच दिसलं नव्हतं.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती : हॉटेलच्या आधी संग्रहालयाची वेळ पक्की करा. एका दिवशी एकच निवडा. ज्या चित्रासाठी जाताय ते दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेलं नाही ना, त्याचं दालन उघडं आहे ना, तेही पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

– एक निवृत्त कलाशिक्षिका