फरीद झकारिया यांच्या आई गृहिणी नव्हत्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतले पत्रकार फरीद झकारिया यांच्यावरचा लेख वाचला. काल दिवसभर मनातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे आधी मान्य करते. मुंबईचा मुलगा येल, हार्वर्ड करत १९९२ साली अठ्ठाविसाव्या वर्षी ‘फॉरेन अफेअर्स’ नियतकालिकाचा व्यवस्थापकीय संपादक होतो, अमेरिकेवरच्या २००१च्या हल्ल्यानंतर ‘न्यूजवीक’मधल्या लेखाने गाजतो, २००८ पासून सीएनएनवर ‘जीपीएस’ हा जागतिक घडामोडींचा कार्यक्रम चालवतो, हे सगळे नीट आले आहे. पण ‘वडील मंत्री, आई गृहिणी’ हे कोणी लिहिले? आणि ते तपासले कोणी?

त्यांच्या आई फातमा झकारिया ‘इलस्ट्रेटेड वीकली’त खुशवंतसिंगांबरोबर होत्या. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या रविवारच्या आवृत्तीच्या संपादक झाल्या. उतारवयात औरंगाबादेतल्या शिक्षणसंस्थांचा भार त्यांनी वाहिला, २००६ साली पद्मश्री मिळाली, २०२१च्या एप्रिलमध्ये त्याच शहरात त्या गेल्या. वडील रफिक झकारिया औरंगाबादचे आमदार आणि राज्याचे मंत्री, त्यांच्याविषयी तुमच्याकडे अख्खा परिच्छेद आहे. ज्या बाईने घरात वर्तमानपत्र आणले, तिला एक शब्द, तोही चुकीचा! वर मुलगा ‘रिकाम्या हाताने’ परदेशी गेला म्हणता. संपादक आईच्या घरातून निघालेला मुलगा रिकाम्या हाताने कसा जाईल?

मला हे इतके का लागले, तेही सांगते. मी बावीस वर्षे एका जिल्हा दैनिकात प्रुफे तपासली. रात्रपाळी असली की ओल्या शाईच्या गॅल्या, म्हणजे तपासायचे छापील कागद, घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. धाकटा शाळेत होता. घरी कोणी नसले की माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून रद्द झालेल्या गॅलीच्या पाठीमागे गणिते सोडवायचा. काना-मात्रा राहिलेली दिसली की बोट ठेवून दाखवायचा. तो आज टोरांटोला एका वाहिनीत वृत्तनिर्माता आहे. त्याला तिथे बढती मिळाली तेव्हा इथल्या एका दैनिकात कौतुकाची बातमी आली. ‘निवृत्त मुख्याध्यापकांचे चिरंजीव’ एवढेच. यजमान मुख्याध्यापक होते, खरेच आहे. त्यांनीच ती बातमी वाचून कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाले, “तुझं नाव नाही यात, कशाला कापून ठेवायची?” ते कात्रण आमच्या घरात नाही.

जाता जाता आणखी एक. २०१२ चा प्रसंग लेखात कुठेच नाही. ‘टाइम’मधल्या त्यांच्या स्तंभात ‘न्यूयॉर्कर’मधल्या दुसऱ्या लेखिकेचा मजकूर श्रेय न देता आला, त्यांनी चूक कबूल करून माफी मागितली, ‘टाइम’ आणि सीएनएनने त्यांना निलंबित केले आणि आठवडाभरात परत घेतले. ते लिहिले असते तर माणूस लहान झाला नसता. न्यूयॉर्कमधल्या मशिदीच्या वादावरून २०१० साली त्यांनी पूर्वी मिळालेला पुरस्कार दहा हजार डॉलरसकट परत केला, हे तुम्ही आवर्जून दिलेत. मग हेही द्यायला हवे होते. मी त्यांचा कार्यक्रम आवडीने बघते, म्हणूनच म्हणते.

येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, डोळ्यांना दिसेल अशा टाइपात दुरुस्ती छापावी. आत कुठेतरी निविदांच्या खाली नको. आणि नाव ‘फातमा’ असे छापावे, ‘फातिमा’ नव्हे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, जालना