रेकॉर्डर थेट कॉम्प्युटरला जोडायला शिकवणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मोंढ्यातली आडत असो की शेतातला आखाडा, कॅमेरे आता सगळीकडे लागलेत. राउटर आणि इंटरनेट मात्र सगळीकडे नाही. अशा ठिकाणचा, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर घरच्या कॉम्प्युटरला थेट कसा जोडायचा, हे तुम्ही आम्हा कॅमेरे बसवणाऱ्यांना एक रुपया न घेता शिकवलंत. नुसते आकडे पाठ करून घेतले नाहीत, प्रत्येक आकड्यामागचं कारण सांगितलंत. ज्यांची तुमची भेट होणार नाही त्यांनाही ते कळावं, म्हणून हे आभार सविस्तर लिहीत आहोत.

आधी चुकीच्या वायरींबद्दल. लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर देतं, आत घेत नाही. त्यामुळे रेकॉर्डरची एचडीएमआय वायर तिथे लावून काहीच दिसत नाही. रेकॉर्डरचा यूएसबी माउस आणि पेनड्राइव्हसाठी असतो. तो कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडला तर दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात आणि पोर्ट जळू शकतो. हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला लावणं तर सगळ्यात घातक: रेकॉर्डरची साठवण्याची पद्धत विंडोजला बहुधा वाचता येत नाही, ते फॉरमॅट करायला सांगतं, आणि घाईत ‘होय’ दाबलं की चित्रण हातचं जातं.

लागते ती साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ लॅन केबल, १०० मीटरच्या आतली. क्रॉस केबल करायची गरज उरलेली नाही, आजचे पोर्ट स्वतःच जुळवून घेतात. एनव्हीआरला (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला) मागे कॅमेऱ्यांचे पीओई पोर्ट, म्हणजे केबलमधूनच वीजही देणारे पोर्ट, असतील तर कॉम्प्युटर त्यांत लावायचा नाही, कारण त्यांचं आतलं नेटवर्क निराळं असतं. ‘लॅन’ लिहिलेला वेगळा पोर्ट शोधायचा.

केबल लावली, पोर्टचा दिवा लागला, तरी रेकॉर्डर दिसत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात आणि केबल बदलत बसतात. दोष पत्त्याचा असतो. एरवी राउटर डीएचसीपी या सोयीने सगळ्यांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे ओळख-आकडे, आपोआप वाटतो. थेट जोडणीत वाटणारं कुणी नाही, म्हणून विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं आणि रेकॉर्डर आपल्या जुन्या पत्त्यावर बसून राहतो. यासाठी रेकॉर्डरच्या नेटवर्क मेनूत डीएचसीपी बंद करून पत्ता १९२.१६८.१०.२० द्यायचा, कॉम्प्युटरच्या इथरनेटला १९२.१६८.१०.१०, आणि दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. या मास्कमुळे पत्त्यातले पहिले तीन आकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा.

पत्त्यातला तिसरा आकडा १० च का, हेही तुम्हीच सांगितलंत. घरचे वायफाय राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात. तेच रेकॉर्डरला दिलं तर कॉम्प्युटरला वायफायने जायचं की वायरने, हे ठरवता येत नाही. कॉम्प्युटरच्या इथरनेटमध्ये गेटवेची (बाहेरच्या नेटवर्कला जायच्या वाटेच्या पत्त्याची) जागा कोरी सोडायची. तिथे काही भरलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारं इंटरनेट बंद पडतं, आणि ग्राहक म्हणतो, तुम्ही माझं नेट घालवलं.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून रेकॉर्डरला पिंग, म्हणजे तो उत्तर देतो का याची चाचणी. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर केबल, पोर्ट किंवा पत्ता तपासायचा. पिंगला उत्तर येतं पण सॉफ्टवेअर जोडलं जात नाही, तर सॉफ्टवेअरमधला पोर्टचा आकडा पाहायचा (हा पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, जोडणीचा क्रमांक): हिकव्हिजनचा मुळातला ८०००, दहुआचा ३७७७७. जुन्या रेकॉर्डरचं पान ब्राउझरमध्ये उघडतं पण चित्र येत नाही, याचं कारण त्याला अ‍ॅक्टिव्हएक्स हे इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं जोडसॉफ्टवेअर लागतं. एजमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड चालू करावा, नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं. पासवर्ड अंदाजाने मारत राहू नये, खातं काही वेळ लॉक होतं.

चित्रण उतरवायला वेळ धरूनच बसावं. ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट) एका कॅमेऱ्याचा एक तास म्हणजे सुमारे १.८ जीबी. रेकॉर्डरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर तेवढ्याला किमान अडीच मिनिटं, प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

आणि घड्याळ! तुमची ही शिकवण आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. इंटरनेट नसलेल्या रेकॉर्डरची वेळ हळूहळू सरकते, आतला बॅटरी सेल संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीखच मागे जाते. चोरीचं चित्रण पोलिसांना द्यायचं असेल तर उतरवतानाच रेकॉर्डरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून ठेवावा, आणि मूळ डिस्कवर नवं चित्रण चढण्याआधी प्रत काढावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) लिहावं लागतं. ते विंडोजच्या सर्टयुटिल आदेशाने फुकट काढता येतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आता प्रत हाती देताना ते मूल्य आम्ही कागदावर लिहून देतो. सर, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आपले,
मोंढ्यातली कॅमेरे बसवणारी मंडळी, परभणी