रविवारी कॉम्प्युटरची झाडझूड – सदस्यांसाठी सूचना

मंडळी नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता त्रिमूर्तीनगरच्या आपल्या हॉलमध्ये, घरच्या कॉम्प्युटरवर गुपचूप चालणारे नको ते प्रोग्राम कसे थांबवायचे, हे प्रत्यक्ष करून बघू. लॅपटॉप चार्जरसकट आणा. प्लग चारच आहेत, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डही.

माझ्या मशीनचा पंखा मे महिन्यातल्या कूलरसारखा घरघरत होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी खिडकी) उघडला, तर काहीच सुरू नसताना सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, ९५ टक्के कामात!

रविवारपर्यंत एवढं पाळा:

– टास्क मॅनेजरमध्ये अनोळखी नाव दिसलं की लगेच ‘एंड टास्क’ करून ते बंद करू नका. राइट क्लिक करून फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते बघा. ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost) विंडोजचंच असतं, एकाच वेळी डझनभर दिसतं. पण ते विंडोजच्या ‘सिस्टम ३२’ (System32) फोल्डरऐवजी ‘डाउनलोड्स’मधून चालत असेल तर नक्की गडबड.
– नुसतं बंद केलेलं रीस्टार्टनंतर परत हजर होऊ शकतं. स्टार्टअपची, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची, यादीही तपासायची आहे.
– फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घेऊनच या.
– ‘तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस आहे’ असा फोन आला तर सरळ कट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका, तर्री-पोह्यांचा अंदाज घ्यायचा आहे.